यॉर्कशायर सीनियर कॉम्पिटिशन: तीन हंगामांत आटोपलेली हौशी लीग आणि खाड्याचे सहा शिलिंग

भटक्या_लीड्सकर (धागाकर्ता)

मंडळी, इथे क्रिकेटचे धागे बघता बघता शंभरी गाठतात, कबड्डीवरूनही अधूनमधून चांगली जुंपते. रग्बीच्या वाटेला मात्र कुणी गेलेलं दिसलं नाही. लीड्सला आल्यापासून मला या खेळाचा नाद लागलाय, पण आज लिहायचंय ते १८९२ साली सुरू झालेल्या आणि १८९५ च्या उन्हाळ्यात मोडलेल्या एका लीगबद्दल. उत्तर इंग्लंडातल्या यॉर्कशायर काउंटीची (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) यॉर्कशायर सीनियर कॉम्पिटिशन. कागदोपत्री शंभर टक्के हौशी, म्हणजे खेळाडूला दमडीही द्यायची नाही. ती मोडली आणि तिच्यापायी इंग्लंडातल्या रग्बीची कायमची वाटणी झाली, म्हणून हा प्रपंच.

आधी थोडी पार्श्वभूमी. रग्बी हा मुळात बड्या खासगी शाळांतल्या पोरांचा खेळ. १८७१ साली लंडनमध्ये रग्बी फुटबॉल युनियन निघाली तीही त्याच मंडळींची. पण उत्तरेत तो गिरण्या आणि खाणींच्या गावांत झिरपला. १८५० च्या कारखाना कायद्याने कापडगिरण्यांतल्या बायका-पोरांना शनिवारी दोन वाजता सुट्टी मिळाली. त्यांच्याशिवाय यंत्रं चालत नसल्यामुळे गडीमाणसंही सुटायला लागली आणि शनिवारची दुपार मोकळी झाली. १८७७ च्या हिवाळ्यात यॉर्कशायर कप सुरू झाला. पहिला मान हॅलिफॅक्सचा. पुढच्या दहा-बारा वर्षांत वेकफील्ड ट्रिनिटी, बॅटली, ब्रॅडफर्ड अशा क्लबांनी इतकी गर्दी खेचली की मैदानाभोवती कुंपण घालून तिकीट लावणं भाग पडलं. यॉर्कशायरचा काउंटी संघ १८८९ ते १८९६ या आठ वर्षांत सात वेळा अजिंक्य ठरला. थोडक्यात, लंडनच्या साहेबाला त्याच्याच खेळात गिरणीकामगार लोळवत होते.

कपात मजा होती, पण एकदा हरलं की घरी. उरलेला हंगाम नुसत्या मैत्रीपूर्ण सामन्यांवर काढायचा. तिकडे सॉकरवाल्यांनी (सॉकर म्हणजे आपला नेहमीचा फुटबॉल) १८८८ साली फुटबॉल लीग काढली आणि दर शनिवारच्या सामन्याला किंमत आली. ते बघून १८९२ मध्ये यॉर्कशायरच्या मोठ्या क्लबांनी आपली सीनियर कॉम्पिटिशन उभी केली. त्याच वर्षी शेजारच्या लँकेशायर काउंटीनेही आपली काढली. पहिल्या हंगामात ब्रॅडफर्ड जिंकलं, दुसऱ्यात त्याच गावातलं मॅनिंगहॅम आणि तिसऱ्यात लिव्हरसेज. तीन वर्षं, तीन विजेते, खेळ खल्लास.

आता भांडणाचं मूळ. शनिवारचा घरचा सामना ठीक. पण लांबच्या गावी खेळायचं असेल, काउंटीसाठी किंवा इंग्लंडसाठी जायचं असेल, तर सकाळची पाळी बुडते. क्वचित दोन दिवस जातात. खाडा पडला की पगार कापला. वकील, डॉक्टर, कारखानदाराचा मुलगा यांना त्याचं काही नाही. खाणीतल्या माणसाच्या घरी मात्र आठवड्याचं गणित कोलमडतं. युनियनचे १८८६ चे नियम सांगायचे की प्रवासखर्चापलीकडे एक पैसाही घेतला तर तुम्ही व्यावसायिक. म्हणजे हकालपट्टी.

हे नियम कसे चालत त्याचा एक नमुना सांगतो. १८८८ साली ब्रिटिश खेळाडूंचा पहिला संघ ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला निघाला. त्यात हॅलिफॅक्सचा जे. पी. क्लाउज होता. आयोजकांनी त्याला सामानसुमान आणि कपड्यांसाठी पंधरा पौंड दिले. कपच्या सामन्यात हॅलिफॅक्सकडून हरलेल्या ड्यूजबरीने तक्रार केली की या माणसाने पैसे घेतलेत, सबब तो हौशी नाही. तक्रार मान्य झाली आणि सामना पुन्हा खेळवायचा हुकूम निघाला. क्लाउज तोवर बोटीवर. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला उतरल्यावर त्याला कळलं की आपण आता खेळायचं नाही. अख्खा दौरा त्याने बसून काढला. बाकीचे परत आले तेव्हा ‘आम्ही काही घेतलं नाही’ असं शपथेवर लिहून देऊन सगळे सुटले! पंधरा पौंडांच्या कपड्यांत सापडला तो एकटा क्लाउज.

२० सप्टेंबर १८९३. लंडनच्या वेस्टमिन्स्टर पॅलेस हॉटेलात युनियनची सर्वसाधारण सभा. यॉर्कशायरच्या जेम्स मिलर यांनी ठराव मांडला की खेळामुळे खरोखर बुडलेल्या वेळेची भरपाई खेळाडूला द्यायला परवानगी असावी. मार्क न्यूसम यांनी अनुमोदन दिलं. उत्तरेतून माणसं खास गाड्या करून आली होती. पण समोरच्यांनी घरून न हललेल्या क्लबांची मतपत्रं आधीच गोळा करून ठेवलेली. ठरावाच्या बाजूने १३६, विरोधात २८२. त्या २८२ मध्ये १२० मतं अशी गैरहजरांची! ती वजा करूनही ठराव पडलाच असता, पण फरक अवघा २६ मतांचा राहिला असता.

यानंतर दोन वर्षं धरपकड. हडर्सफील्डवर कार्लाइलचे दोन खेळाडू फोडल्याचा आरोप आणि निलंबन, पलीकडे लँकेशायरात लीग, सॅल्फर्ड, विगन निलंबित (त्यातलं लीग हे गावाचं नाव बरं का). हडर्सफील्डशेजारच्या आल्मंडबरीच्या शाळेचे मुख्याध्यापक रेव्हरंड फ्रँक मार्शल हे यॉर्कशायर युनियनमधलं, म्हणजे रग्बी युनियनच्या काउंटी शाखेतलं, वजनदार प्रस्थ. आपल्याच काउंटीतल्या क्लबांच्या मागे ते हात धुऊन लागले होते.

२९ ऑगस्ट १८९५ ला हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात क्लबांची बैठक झाली आणि नॉर्दर्न युनियन जन्मली. खाड्याची भरपाई दिवसाला जास्तीत जास्त सहा शिलिंग. ७ सप्टेंबरला नवा हंगाम सुरूही झाला. सीनियर कॉम्पिटिशनमधले बारापैकी अकरा क्लब तिकडे गेले. हौशी रग्बी युनियनची यॉर्कशायरमधली वरची फळी एका बैठकीत रिकामी झाली.

मला विचाराल तर ही सरळसरळ कामगारांची लढाई होती. तुमचं काय मत?

---

चिवडा

वाचनखूण साठवली. रग्बी म्हणजे अंडाकृती चेंडूसाठी केलेली हाणामारी एवढंच आजवर ठाऊक होतं.

---

गिरणगावची सून

धागा आवडला. सासरे डिलाइल रोडच्या चाळीतले, त्यामुळे खाडा हा शब्द आमच्या घरात अजून जिवंत आहे (मोलकरणीच्या संदर्भात, पण आहे).

एक जोड देते. ज्या वर्षांबद्दल तुम्ही लिहिताय त्याच वर्षांत मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे गिरणीकामगारांना एकत्र करत होते. त्यांची मागणी त्याहून प्राथमिक: आठवड्यातून एक दिवस सुट्टी द्या. १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कारखाना कायद्याने साप्ताहिक सुट्टी आली. आणि यात तुमचे लँकेशायरवाले थेट गुंतलेले आहेत. हिंदुस्थानात कारखाना कायदा आणा म्हणून मँचेस्टरचे गिरणीमालक पार्लमेंटात तगादा लावत होते. त्यांना आपल्या कामगारांचा पुळका आला नव्हता. मुंबईचं सूत त्यांच्या सुताला भारी पडत होतं. मालकांच्या भांडणात कामगाराचा फायदा झाला, असं कधीकधी होतं.

म्हणजे तिकडे अर्धा शनिवार मिळून चाळीस वर्षं झाली म्हणून रग्बी उभी राहिली. आपल्याकडे तेव्हा रविवारही नव्हता.

---

भटक्या_लीड्सकर

@गिरणगावची सून, क्या बात है ताई! लोखंडे आणि हे सगळं एकाच दशकातलं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आणखी एक धागा यात विणता येईल. ब्रॅडफर्डच्या मॅनिंगहॅम मिलमध्ये डिसेंबर १८९० ते एप्रिल १८९१ असा एकोणीस आठवड्यांचा संप झाला. रेशीम आणि मखमलीची प्रचंड गिरणी, मालक लिस्टर. पगारकपातीवरून ठिणगी पडली, संप फसला. पण त्याच असंतोषातून जानेवारी १८९३ मध्ये ब्रॅडफर्डलाच इंडिपेंडंट लेबर पार्टीची स्थापना झाली. त्यानंतरच्याच हंगामात, १८९३-९४ मध्ये, सीनियर कॉम्पिटिशन जिंकली ती मॅनिंगहॅमने. त्या गिरणीच्या सावलीतला क्लब.

---

तिसरा पंच

धागा माहितीपूर्ण, पण निकाल मान्य नाही. ‘सरळसरळ कामगारांची लढाई’ हे उत्तरेतल्या क्लबांनी स्वतःबद्दल रंगवलेलं चित्र आहे. खाड्याचा प्रश्न खरा होता, नाही कोण म्हणतंय. पण १८९५ च्या उन्हाळ्यात लीग नेमकी कशावरून मोडली ते तुम्ही गाळलंत.

सीनियर कॉम्पिटिशन मोठ्या क्लबांनी आपापसात ठरवून काढली होती. आत कोण, बाहेर कोण, हे त्यांनीच ठरवलं. मग खालच्या क्लबांसाठी दुसऱ्या, तिसऱ्या क्रमांकाच्या स्पर्धा निघाल्या आणि ती मंडळी साहजिकच विचारू लागली की आम्ही आमची स्पर्धा जिंकली तर वर यायचं का नाही? यॉर्कशायर युनियनने भूमिका घेतली की वरच्या स्पर्धेतल्या तळच्याने खाली जावं आणि खालच्या विजेत्याने वर यावं, आपोआप. यावर मोठे क्लब बिथरले. तिकिटाचं उत्पन्न, कुंपण घातलेली मैदानं, लाकडी स्टँड, एवढा पसारा मांडल्यावर एका वाईट हंगामापायी खाली जायची त्यांची तयारी नव्हती. त्यांनी राजीनामे दिले आणि मग जॉर्ज हॉटेल.

म्हणजे लंडनचे साहेब गिरणीकामगाराला दार लावत होते आणि ब्रॅडफर्ड-लीड्सचे शेटजी खेड्यातल्या क्लबाला. क्लब चालवणारे कोण होते ते बघा. छोटे कारखानदार, दारूच्या भट्ट्यांचे आणि गुत्त्यांचे मालक, व्यापारी. जॉर्ज हॉटेलच्या बैठकीला एकही खाणकामगार मतदानाला बसलेला नव्हता.

---

खवचट

थोडक्यात, आयपीएल १८९५ मध्येच सुचली होती. चालू द्या.

---

जुईली

अडाणी प्रश्न. रग्बी युनियन आणि रग्बी लीग वेगळे खेळ आहेत ना? मग ही ‘युनियनची लीग’ हा काय घोळ आहे?

---

भटक्या_लीड्सकर

@जुईली, अजिबात अडाणी नाही. १८९५ पूर्वी एकच रग्बी होती. फुटल्यावर नॉर्दर्न युनियनने प्रेक्षकांसाठी खेळ वेगवान करायला नियम बदलले. १८९७ मध्ये लाइनआउट (बाहेर गेलेला चेंडू दोन्ही संघांच्या रांगांमध्ये फेकून खेळ सुरू करणं) काढून टाकला आणि कुठलाही गोल दोन गुणांचा केला. १९०६ मध्ये पंधराऐवजी तेरा खेळाडू, आणि पकडलेल्या खेळाडूने उठून पायाने चेंडू मागे सारून खेळ सुरू करायचा, ही पद्धत आणली. १९२२ मध्ये संस्थेचं नावच रग्बी फुटबॉल लीग झालं. तेव्हापासून तेरांची ती ‘लीग’, पंधरांची ती ‘युनियन’. मी लिहितोय ती स्पर्धा फाळणीआधीची, पंधरांच्या रग्बीची.

@तिसरा पंच, बढती-घसरणीचा मुद्दा मान्य, आणि तो मोठा आहे. पण राजीनाम्यांचं निमित्त आणि भांडणाचं कारण यांत फरक आहे. १८९३ चा ठराव मंजूर झाला असता तर १८९५ ला बढतीच्या वादातून नवी युनियन निघाली असती? मला नाही वाटत. लीगच्या ढाच्यावरून क्लब फार तर काउंटीशी भांडले असते. लँकेशायरचे क्लब त्यासाठी बरोबर आले नसते, आणि ते तर आले.

---

तिसरा पंच

लँकेशायरमध्ये आधी निलंबनं झाली होती, त्यांना त्यांचं दुखणं होतं. असो. पुढची वाटचाल बघा म्हणजे माझं म्हणणं पटेल. नॉर्दर्न युनियनचा पहिला हंगाम बावीस क्लबांचा, प्रत्येकाचे बेचाळीस सामने. मॅनिंगहॅम हॅलिफॅक्सच्या एका गुणाने पुढे राहून अजिंक्य. एवढा प्रवास परवडेना, म्हणून १८९६ पासून पुन्हा काउंटीवार विभागणी. म्हणजे यॉर्कशायर सीनियर कॉम्पिटिशन हे नाव नव्या घरात १९०१ पर्यंत नांदलं. मग काय झालं? मोठ्या चौदा क्लबांनी पुन्हा वेगळी चूल मांडून नॉर्दर्न रग्बी लीग काढली. तोच डाव, फक्त या वेळी समोर लंडनचे साहेब नव्हते, आपलेच भाऊबंद होते.

त्यात मेले कोण? तुमचा १८९५ चा विजेता लिव्हरसेज १९०२ मध्ये संपला. लँकेशायरचा त्याच वर्षीचा विजेता टिल्डस्ली त्याच्याही आधी गेला. ब्रिगहाउस रेंजर्स १९०६ पर्यंत तग धरून होते. लिव्हरसेज म्हणजे यॉर्कशायरमधल्याच स्पेन नावाच्या नदीच्या खोऱ्यातलं लहानसं गाव. १८१२ मध्ये तिथल्याच रॉफोल्ड्स गिरणीवर लडाइट, म्हणजे यंत्रं फोडणाऱ्या, कामगारांनी हल्ला केला होता. असल्या गावाने हडर्सफील्ड, हल, लीड्सला मागे टाकून लीग जिंकावी आणि सात वर्षांत क्लबला कुलूप लागावं! कामगारांची लढाई होती तर त्यातली ही गावं आधी का मेली?

---

गिरणगावची सून

पंचसाहेब, हा मुद्दा भिडला. संपात पहिला बळी छोट्याचाच जातो, हे गिरणगावाला कुणी समजावून सांगायला नको.

पण खेळाडूच्या बाजूने बघितलं तर सहा शिलिंग मिळाले, हेही खरं ना?

---

भटक्या_लीड्सकर

@गिरणगावची सून, मिळाले, पण त्याची एक वेगळीच गंमत आहे. १८९८ मध्ये नॉर्दर्न युनियनने उघड व्यावसायिकता मान्य केली. त्याबरोबर अट घातली की खेळाडूला खरीखुरी नोकरी असलीच पाहिजे. नुसतं रग्बीवर पोट भरायचं नाही. कामावरून काढलं तर दुसरं काम मिळेपर्यंत खेळायचं नाही. शिवाय कोणतं काम ‘खरं’ ते समिती ठरवणार: बिलियर्डच्या टेबलावर गुण मोजणारा किंवा गुत्त्यात बिअर ओतणारा चालणार नाही. म्हणजे मंदीत गिरणीने घरी बसवलं की शनिवारचे पैसेही गेले. १९०५ ला ही अट रद्द झाली. इथे मात्र मी पंचांच्या बाजूने. कामगाराला भरपाई द्यायची, पण त्याने आपली पायरी सोडायची नाही, हा त्या अटीचा अर्थ.

एका खेळाडूबद्दल लिहायचं राहून गेलं होतं. डिकी लॉकवुड. उंची पाच फूट चार-साडेचार इंच, लोकरीच्या कामावरचा मजूर, ड्यूजबरीकडून पोरवयात खेळायला लागला. पुढे तो हेकमंडवाइकला गेला तेव्हा पैसे घेऊन क्लब बदलला असा संशय. १८८९ मध्ये यॉर्कशायर युनियनने त्याला बसवून उलटतपासणी केली, आरोप सिद्ध झाला नाही. हाच माणूस १८९४ ला इंग्लंडचा कर्णधार होता! आणि त्याच काळात डब्ल्यू. जी. ग्रेस क्रिकेटमध्ये ‘हौशी’ म्हणवून घेत व्यावसायिकांपेक्षा जास्त पैसे घेत होते. त्यांची उलटतपासणी घ्यायची कुणाची छाती नव्हती. १८९५ नंतर लॉकवुड वेकफील्ड ट्रिनिटीकडून नॉर्दर्न युनियनमध्ये खेळला. हौशी रग्बीला तो मेल्यात जमा. कारण नियमच तसा होता, एकदा तिकडे पाय ठेवला की आजन्म बंदी.

---

जिमखाना_कट्टा

अवांतर: मुंबईत रग्बी म्हटलं की बॉम्बे जिमखाना. पावसाळ्यात त्या मैदानावर जो चिखल होतो त्यात कोण कुठल्या संघाचा ते आईलाही ओळखू येत नाही. फॅशन स्ट्रीटच्या बाजूला उभं राहून फुकट बघता येतं.

मूळ विषयावर: हौशीपणाच्या सोवळ्याने लंडनवाल्यांचं काय भलं झालं? कुणीतरी आकडे द्या.

---

तिसरा पंच

१८९३ मध्ये युनियनकडे ४८१ क्लब होते. दहा वर्षांनी २४४. निम्मे गळाले. आठपैकी सात वेळा जिंकणारा यॉर्कशायर १८९६ नंतर वर्षानुवर्षं काउंटी अजिंक्यपदाच्या आसपास फिरकला नाही. आणि लीग या प्रकाराचीच त्यांनी इतकी धास्ती घेतली की इंग्लंडभर अधिकृत लीग सुरू करायला युनियनने १९८७ उजाडवलं. ज्या व्यावसायिकतेसाठी माणसं आयुष्यभर वाळीत टाकली, ती त्यांनी स्वीकारली ऑगस्ट १९९५ च्या शेवटच्या आठवड्यात, पॅरिसच्या बैठकीत. जॉर्ज हॉटेलच्या बैठकीला शंभर वर्षं पुरी व्हायला दोन-तीन दिवस बाकी असताना.

---

खवचट

आणि ती वेब एलिसची गोष्ट? रग्बी शाळेतल्या पोराने १८२३ साली चेंडू उचलून पळ काढला आणि खेळ जन्मला, ती. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी त्या दंतकथेची चौकशी समिती नेमली १८९५ मध्ये, भिंतीत शिळा बसवली १९०० मध्ये. प्रत्यक्ष पाहिल्याचं सांगणारा एकही साक्षीदार नाही. खेळ हातचा निसटायला लागला की सातबारा शोधायला लागतात.

---

चिवडा

खवचट आज चक्क माहिती देतायत. तब्येत बरी आहे ना?

मॅनिंगहॅमचं पुढे काय झालं? दोनदा अजिंक्य म्हणजे आज मोठा क्लब असणार.

---

भटक्या_लीड्सकर

मोठा आहे, पण रग्बीचा नाही. पैशांची ओढाताण सुरू झाली आणि १९०३ मध्ये मॅनिंगहॅमने चेंडूच बदलला. सॉकर घेतलं, नाव ब्रॅडफर्ड सिटी. एकही सामना खेळायच्या आत त्यांना फुटबॉल लीगच्या दुसऱ्या विभागात घेतलं, कारण लीगला रग्बीच्या मुलखात शिरकाव हवा होता. १९११ मध्ये एफए कप, म्हणजे इंग्लंडातल्या फुटबॉलचा मानाचा चषक, जिंकले. मैदान तेच, व्हॅली परेड, १८८६ पासूनचं. जर्सीचे रंगही मॅनिंगहॅमचेच, गडद लाल आणि अंबरी. १९०७ मध्ये शेजारच्या ब्रॅडफर्डनेही सॉकर धरलं. न पटलेल्यांनी बाहेर पडून ब्रॅडफर्ड नॉर्दर्न हा रग्बी क्लब काढला. सीनियर कॉम्पिटिशनच्या तीन विजेत्यांपैकी दोन सॉकरला गेले आणि एक मेला.

---

जुईली

बारातले अकरा गेले म्हणालात. बारावा कोण?

---

भटक्या_लीड्सकर

ड्यूजबरी! क्लाउजची तक्रार करणारेच. जॉर्ज हॉटेलात त्यांनी राजीनामा द्यायला नकार दिला आणि जुन्या युनियनमध्ये राहिले; त्यांची जागा रन्कॉर्नला मिळाली. पण शेजारची बॅटली, हडर्सफील्ड, वेकफील्ड ही सगळी तिकडे. आता खेळायचं कुणाशी आणि तिकीट काढून बघायला येणार कोण? १८९८ मध्ये तेही नॉर्दर्न युनियनमध्ये आले.

---

तिसरा पंच

आणि तिथेही शेवटी विचारलं असेल, बढती आहे का हो?